कोंबडीचा तळवा सुजला तर

पावसाळ्यात परसातली एखादी कोंबडी लंगडू लागली की पाय कुठेतरी मुरगळला असेल असे म्हणून दोन-चार दिवस तसेच जाऊ दिले जातात. मग कोणीतरी तिला उचलून पंजा उलटा करून पाहतो, तेव्हा तळव्याच्या मधोमध मसुराएवढी काळी खपली दिसते, भोवतीची कातडी ताणून चकाकत असते आणि बोट लावले तर दुसऱ्या पायापेक्षा हा पाय गरम लागतो. पशुवैद्यक या दुखण्याला बम्बलफूट म्हणतात. वेळीच लक्षात आले तर ते घरच्या घरी बरे करता येते, आणि दुर्लक्ष झाले तर तेच दुखणे हाडापर्यंत जाऊन कोंबडी कायमची लंगडी होते किंवा दगावते. म्हणून पाय दिसायला किरकोळ वाटला तरी उपचार त्याच दिवशी सुरू करावेत.

बहुतेक वेळा या दुखण्याच्या मुळाशी स्टॅफिलोकोकस ऑरियस नावाचा जिवाणू असतो. तो कातडीवर, मातीत आणि खुराड्यातल्या घाणीत एरवीही असतोच, पण तळव्याची जाड कातडी शाबूत असेपर्यंत त्याला आत शिरायला वाट मिळत नाही. कोकणात जांभ्याची खरबरीत जमीन, सतत ओल, त्यात उंच दांडीवरून किंवा झाडावरून खाली टाकलेली उडी, एवढ्यानेही भिजून मऊ झालेल्या कातडीला बारीक चीर पडते. देशावर पाऊस कमी असला तरी तारेच्या जाळीचा तळ असलेले पिंजरे, सिमेंटची फरशी आणि बाभळीचे काटे तेच काम करतात. गिरिराज, वनराज यांसारख्या वजनदार जातींच्या कोंबड्यांना आणि विशेषतः माद्यांपेक्षा नरांना हा त्रास अधिक होतो, कारण उडी मारताना सगळे वजन त्या दोन तळव्यांवरच आदळते.

उपचाराची पद्धत समजण्यासाठी एक गोष्ट आधी नीट लक्षात घ्यावी लागते. माणसाच्या किंवा गाईच्या गळवातला पू पातळ असतो, त्यामुळे तोंड फुटले की तो वाहून जातो आणि ठणका कमी होतो. पक्ष्यांमध्ये तसे घडत नाही. त्यांच्या रक्तातल्या ज्या पांढऱ्या पेशी जिवाणूंशी लढतात, त्यांच्यात पू पातळ करणारे विकर (एन्झाइम) नसते, त्यामुळे तळव्यात साचणारा पू पनिरासारखा घट्ट, पिवळसर गोळा होऊन बसतो. हा गोळा दाबून बाहेर येत नाही. उलट दाबल्याने संसर्ग आजूबाजूच्या ऊतींमध्ये पसरतो, आणि तळव्यात कातडी, कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारा चिवट दोर) आणि हाड यांच्यामध्ये अंतर फारच थोडे असल्यामुळे तो लगेच नको तिथे पोहोचतो. त्यामुळे पुटकुळी फोडावी तसे हे दाबण्याचा मोह कटाक्षाने टाळावा.

आधी हेच दुखणे आहे ना, ते तपासावे

लंगडणाऱ्या प्रत्येक कोंबडीचा तळवा सुजलेला नसतो. पंजा उलटा केल्यावर प्रथम बोटांच्या बेचक्यात पाहावे, कारण लांब केस, सुतळीचा धागा किंवा संक्रांतीनंतर परसात पडलेला मांजा बोटाभोवती आवळून बोट काळे पडत असेल तर तो धागा बारीक कात्रीने सोडवणे हाच पहिला उपचार ठरतो. नडगीवरचे खवले उचलले गेले असतील आणि त्यांच्याखाली पांढरट, भुकटीसारखे काही साचले असेल तर ते खवल्याखाली राहणाऱ्या सूक्ष्म किडीचे काम आहे आणि त्याचा उपचार वेगळा आहे. खपल्या पायावरच नव्हे तर तुऱ्यावर आणि पापण्यांवरही दिसत असतील तर देवीची शंका घ्यावी. तळवा स्वच्छ असताना कोंबडी एक पाय पुढे आणि एक मागे ताणून पडून राहत असेल तर मरेक्ससारखा मज्जातंतूंचा आजार असू शकतो आणि त्यावर मलमपट्टीने काहीही होणार नाही.

नडग्या जांभळ्या पडल्या आहेत, तुरा काळानिळा झाला आहे आणि कळपातल्या कोंबड्या पटापट मरत आहेत, असे चित्र असेल तर मात्र कोंबडीला हातही लावू नये आणि तत्काळ पशुसंवर्धन खात्याला कळवावे. भारतातला बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक फेब्रुवारी 2006 मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला झाला आणि त्यानंतरही महाराष्ट्रात तो पुन्हा आला आहे, त्यामुळे ही सूचना केवळ औपचारिक समजू नये.

आता घरी काय करायचे आणि काय दवाखान्यावर सोडायचे, हे सुजेवरून ठरवावे. तळवा नुसता लालसर, गुळगुळीत झाला आहे पण कातडी फुटलेली नाही, किंवा लहानशी खपली आहे, सूज तळव्यापुरतीच आहे आणि कोंबडी खाते-पिते आहे, अशा स्थितीत घरचा उपचार योग्य आहे. सूज बोटांत उतरली किंवा नडगीकडे चढली, तळव्यातला गोळा दगडासारखा टणक लागतो, वरचा सांधा गरम आहे, दोन्ही पाय एकदम धरले आहेत, जखमेला दुर्गंधी येते किंवा कोंबडी खाणे सोडून कोपऱ्यात पिसे फुगवून बसली आहे, यांपैकी काहीही दिसले तर घरी प्रयोग करत बसू नये. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात तिला न्यावे, आणि नेणे शक्य नसेल तर 1962 या क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची चौकशी करावी.

साहित्य आणि पकड

लागणारे सगळे साहित्य नेहमीच्या औषधांच्या दुकानात मिळते: एप्सम सॉल्ट, 5 टक्क्यांचे पोव्हिडोन आयोडीन द्रावण, नॉर्मल सलाइनची बाटली, निर्जंतुक गॉझ, रबरी हातमोजे आणि स्वतःलाच चिकटणारी लवचिक पट्टी. ही पट्टी जनावरांच्या औषधांच्या दुकानात व्हेट रॅप या नावाने मिळते. ती न मिळाल्यास कागदी चिकटपट्टी चालते, पण साधी प्लास्टिकची चिकटपट्टी वापरू नये, ती ओल धरून ठेवते. सलाइन नसेल तर 1 लिटर पाणी उकळून थंड करून त्यात 9 ग्रॅम मीठ विरघळवले तरी काम होते. हातमोजे नक्की वापरावेत, कारण हा जिवाणू माणसाच्या कापलेल्या-खरचटलेल्या कातडीतही संसर्ग करतो, आणि घरात कोणाला मधुमेह असेल तर त्या व्यक्तीने हे काम स्वतःकडे घेऊ नये.

काम शक्यतो संध्याकाळी करावे. अंधार पडल्यावर कोंबडी शांत होते, पकडताना धावपळ होत नाही आणि पट्टी बांधल्यावर ती लगेच बसून राहते. जुन्या मऊ टॉवेलमध्ये पंखांसह गुंडाळून, डोक्यावर टॉवेलची एक घडी सैलसर टाकून, तिला मांडीवर बाजूला कलती धरावी. इथे एक दक्षता जिवावर बेतू नये म्हणून सांगणे भाग आहे. पक्ष्यांना आपल्यासारखे श्वासपटल नसते, छातीचे हाड पुढे-मागे हलवूनच त्यांना श्वास घेता येतो, त्यामुळे टॉवेल छातीभोवती आवळला किंवा कोणी छाती दाबून धरली तर कोंबडी आपल्या हातात गुदमरू शकते. उताणी करून बराच वेळ ठेवणेही टाळावे. चोच उघडी टाकून ती धापा टाकू लागली तर काम तिथेच थांबवून तिला सोडावे आणि बाकीचे दुसऱ्या दिवशी करावे. दोन माणसे असली तर एकाने धरायचे आणि दुसऱ्याने पाय पाहायचा, एकट्याने ओढाताण करण्यापेक्षा हे केव्हाही चांगले.

शेकणे, सोडवणे, बांधणे

पसरट टबात नडगी निम्मी बुडेल इतके पाणी घ्यावे. ते कोपर बुडवल्यावर सुखद वाटेल इतपतच कोमट असावे. 1 लिटर पाण्याला साधारण 30 ग्रॅम, म्हणजे दोन मोठे चमचे, एप्सम सॉल्ट घालून 10 ते 15 मिनिटे पाय त्यात ठेवावा. हे पाणी कोंबडीला पिऊ देऊ नये, त्याने तिला जुलाब होतात. पाय बाहेर काढल्यावर बोटांमधली शेण-माती मऊ ब्रशने काढून, सलाइनने धुऊन, कोरड्या गॉझने टिपून घ्यावी.

कातडी फुटलेली नसेल तर एवढ्यावरच पोव्हिडोन आयोडीन लावून पट्टी बांधावी आणि खपली नाही तर खपली शोधू नये. खपली असेल तर ती पहिल्या दिवशी ओढून काढण्याची गरज नाही. रोज शेकल्यावर तिच्या कडा मऊ होतात, आणि तीन-चार दिवसांत ती कडेने सुटू लागते. सुटलेला भाग ओल्या गॉझने एकाच दिशेला हलकेच पुसला की जेवढे निघायचे तेवढे निघते. खपलीबरोबर कधी आतला पिवळा गोळा मुळासकट, एखाद्या बी इतका, सहज निघून येतो. तसे झाले तर उरलेला खळगा सलाइनची बारीक धार सोडून धुवावा, त्यात पातळ केलेले आयोडीन सोडावे आणि थोडे रक्त आल्यास स्वच्छ गॉझ काही मिनिटे दाबून धरावा. गोळा निघाला नाही तर तो चिमट्याने उपटायचा नाही.

ब्लेडने खपलीभोवती गोल कापून आतला गोळा काढण्याचे प्रकार अनेक जण मोबाइलवर पाहतात आणि स्वतः करून बघतात. मला ते मुळीच पटत नाही. भूल न देता केलेली ती शस्त्रक्रियाच असते, कोंबडी ओरडत नाही म्हणून तिला दुखत नाही असा समज करून घेणे चुकीचे आहे, कारण शिकार होणारे पक्षी वेदना लपवतात. शिवाय तळव्यातल्या पिवळसर पू आणि पिवळसर कंडरा यांतला फरक सरावल्याशिवाय डोळ्याला कळत नाही, आणि कंडरा कापली गेली तर बोट पुन्हा वळत नाही. गोळा मोठा असेल तर तो काढावाच लागतो, पण ते काम पशुवैद्यकाने भूल देऊन करावे.

आयोडीन थेट बाटलीतून न ओतता एक भाग द्रावणात दहा भाग स्वच्छ पाणी मिसळून, फिकट तपकिरी रंगावर आणून वापरावे, कारण दाट द्रावण नव्याने भरून येणाऱ्या पेशींनाही इजा करते. हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस पाहून जखम साफ झाल्याचे समाधान मिळते, परंतु त्याने चांगली ऊती जळते आणि भरून यायला उशीर होतो, म्हणून ते रोज वापरू नये. आयोडीन लावून वाळल्यावर पशुवैद्यकाने सुचवलेल्या साध्या प्रतिजैविक मलमाचा, उदाहरणार्थ म्युपिरोसिनचा, पातळ थर पुरेसा असतो.

पट्टी बांधण्यावर अर्धे यश अवलंबून आहे, म्हणून इथे घाई करू नये. जखमेवर गॉझचा लहान चौकोनी तुकडा ठेवावा. त्याभोवती मऊ कापडाची किंवा पातळ स्पंजची कडी ठेवावी, मध्ये जखमेएवढे भोक असलेली, म्हणजे उभे राहताना वजन कडीवर पडते आणि जखमेवर दाब येत नाही. मग साधारण 1.5 सेंटिमीटर रुंद कापलेल्या लवचिक पट्टीचे एक टोक नडगीवर धरून, ती तळव्यावरून आणून पुढच्या बोटांच्या बेचक्यातून वर काढावी, पुन्हा तळव्यावर आणून पुढच्या बेचक्यातून काढावी, आणि सगळ्या बेचक्यांतून एकेक फेरा झाल्यावर शेवट नडगीवर दोन सैल वेढे देऊन करावा. पट्टी ताणून बांधू नये. ती जेवढी सुटी बसेल तेवढ्यावरच थांबावे, कारण ती नंतर आणखी आवळते. बोटांची टोके मोकळी राहावीत आणि अर्ध्या तासाने त्यांना हात लावून पाहावा. बोटे थंड, फुगलेली किंवा निळसर दिसली तर पट्टी तत्काळ सोडून पुन्हा बांधावी. लाल रंगाची पट्टी घेऊ नये, इतर कोंबड्या लाल ठिपक्यावर हमखास चोच मारतात.

सुरुवातीला रोज, आणि जखम कोरडी, गुलाबी दिसू लागल्यावर एक दिवसाआड पट्टी बदलावी. पट्टी भिजली की मात्र वेळ न पाहता लगेच बदलावी, ओल्या पट्टीपेक्षा उघडा पाय परवडला. पावसाळ्यात माश्या बसून जखमेत अळ्या पडण्याचा धोका असतो, त्यामुळे जखम झाकलेलीच ठेवावी आणि काढलेला गॉझ परसात न टाकता जाळून टाकावा. लहान जखम दोन-तीन आठवड्यांत भरते. आठवडाभर उपचार करूनही सूज कमी होत नसेल तर पशुवैद्यकाकडे जावे.

जे करू नये

दळलेली हळद, चुना, राख, रॉकेल, नवसागर यांपैकी काहीही उघड्या जखमेत भरू नये. हळदीवर आपला पिढ्यान्‌पिढ्यांचा विश्वास आहे, पण डब्यातली हळद निर्जंतुक नसते आणि तिची भुकटी जखमेत चिकटून राहून ओल धरते. घरात पडून असलेल्या खाज-खरजेच्या मलमांपैकी बहुतेकांत स्टेरॉइड असते. पक्षी स्टेरॉइडला फार संवेदनशील असतात, ते कातडीतून शरीरात जाऊन प्रतिकारशक्ती कमी करते आणि दुखणे वाढवते. मलमाच्या नळीवर बेटामेथासोन, क्लोबेटासॉल अशी नावे वाचली तर ती नळी बाजूला ठेवावी.

वेदना कमी व्हावी म्हणून माणसांच्या गोळ्या चुरून देणेही धोक्याचे आहे. गिधाडे मेलेल्या जनावरांतून डायक्लोफेनॅक पोटात जाऊन मूत्रपिंड निकामी होऊन मेली आणि म्हणूनच 2006 मध्ये भारतात जनावरांसाठी त्याच्या वापरावर बंदी आली. कोंबडीच्या वजनाच्या प्राण्याला गोळीचा कितवा भाग द्यावा, हे अंदाजाने ठरवता येत नाही. तोंडावाटे द्यायची प्रतिजैविके तर पशुवैद्यकाच्या सल्ल्याशिवाय देऊच नयेत, आणि दिली तर ती बंद झाल्यानंतर किती दिवस अंडी खाऊ नयेत हे त्यांनाच विचारून घ्यावे. परसातली अंडी मुलांच्या पोटात जात असतात.

पाय बरा होईपर्यंत कोंबडीला वेगळ्या, बिनदांडीच्या खोक्यात किंवा पिंजऱ्यात ठेवावे. तळाला 8 ते 10 सेंटिमीटर भाताचे तूस किंवा लाकडाचा भुसा पसरावा आणि रोज ओला भाग काढून टाकावा. एकटी कोंबडी खंगते, म्हणून तिला बाकीच्या कळपाच्या दृष्टीत ठेवावे, आणि पाणी-खाणे उठून चालावे न लागेल इतके जवळ ठेवावे.

पुन्हा होऊ नये म्हणून

पाय बरा करून कोंबडी पुन्हा त्याच दांडीवर बसवली तर महिन्याभरात गाठ पुन्हा येते, म्हणून खुराड्यातला बदल हा उपचाराचाच भाग समजावा. दांडीसाठी गोल, बारीक बांबू वापरण्याची पद्धत सर्रास आहे. पण कोंबडी झोपताना बोटे घट्ट वळवून त्यावर तासन्‌तास बसते, तिचे सगळे वजन तळव्याच्या एका रेषेवर येते आणि बांबूच्या फाटलेल्या चिरा तिथेच बोचतात. त्यापेक्षा 5 सेंटिमीटर रुंद, कडा घासून गोल केलेली लाकडी पट्टी उत्तम. भारी जातींसाठी ती जमिनीपासून 45 सेंटिमीटरपेक्षा उंच नको, आणि खाली उतरायच्या जागी मऊ भुसा असावा. प्लास्टिकचा पाइप निसरडा असतो, तो लावू नये. भुशाची ओल पाहण्यासाठी मूठभर भुसा दाबावा: मूठ उघडल्यावर त्याचा गोळा तसाच राहिला तर भुसा बदलण्याची वेळ झाली आहे, सुटून पडला तर ठीक आहे.

खाण्याकडेही पाहावे. उरलेला भात आणि पोळीचे तुकडे यांवर वाढलेली कोंबडी जड होते आणि तिला अ जीवनसत्त्व कमी पडते, त्यामुळे तळव्याची कातडी कमकुवत होते. तांदळाच्या कण्यांत हे जीवनसत्त्व नाही. पिवळा मका, शेवग्याचा पाला, पालक, गाजराचा किस यांत त्याचा कच्चा पदार्थ भरपूर असतो. छातीच्या हाडावरून बोट फिरवले असता हाड अजिबात हाताला लागत नसेल तर भाताचे प्रमाण कमी करून अंडी देणाऱ्या कोंबड्यांचे तयार खाद्य वाढवावे.

एकीचा पाय बिघडला की कारण सगळ्यांच्याच खुराड्यात असते. म्हणून रात्री सगळ्या दांडीवर बसल्या की बॅटरीच्या उजेडात एकेक उचलून दोन्ही तळवे पाहावेत. लालसर चकाकी दिसलेल्या कोंबडीला त्याच रात्री भुशाच्या खोक्यात हलवावे. बरी झालेली कोंबडी कळपात परत सोडताना तीही अंधार पडल्यावरच दांडीवर नेऊन बसवावी, म्हणजे सकाळी बाकीच्यांची टोचाटोची कमी होते. त्यानंतर आठवड्यातून एकदा तिचा तळवा पाहत राहावा, कारण भरलेल्या जागेची कातडी काही महिने पातळच राहते.